खेकड्यावर खापर फोडून धरण वाचत नाही!

मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला, कफ परेडच्या गगनचुंबी इमारतींच्या पायाशी, मच्छीमारनगर ही कोळ्यांची वस्ती आहे. जून उजाडतो, समुद्र खवळतो, पावसाळी मासेमारीबंदी लागू होते आणि तिथल्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. बाहेरच्या माणसाला वाटते, कोळ्याला आता दोन महिने विश्रांती! प्रत्यक्षात त्याची खरी परीक्षा याच दिवसांत असते. फाटलेली जाळी पुन्हा विणायची, होडीच्या तळाला चिकटलेली शिंपल्यांची पुटे खरवडायची, फटी बुजवायच्या, रंग द्यायचा, इंजिन उघडून साफ करायचे. मिळकत बंद आणि खर्च चालू, असा हा काळ. त्यासाठी लागणारा पैसा कधी हंगामातल्या कमाईतून बाजूला काढलेला असतो, कधी कर्जाऊ आणलेला असतो. पण दुरुस्ती टळत नाही. कारण न टिकणाऱ्या होडीत बसून जाणारा जीव दुसऱ्या कोणाचा नसून आपल्याच मुलाचा आहे, हे कोळ्याला पक्के ठाऊक असते.

त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. जाळ्यात खेकडा शिरला की तो जाळे कातरतो. पिढ्यान्‌पिढ्या तो कातरत आला आहे. परंतु कोणा कोळ्याने खेकड्याविरुद्ध फिर्याद गुदरल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो निमूटपणे सुई-दोरा घेऊन बसतो. खेकड्याविरुद्ध फिर्याद गुदरण्याचा मान महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांनी मिळविला! २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटले आणि सुमारे वीस माणसे पाण्याने ओढून नेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तरी तत्कालीन जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी दोष दिला तो खेकड्यांना. त्याच्या आदल्याच वर्षी, २७ सप्टेंबर २०१८ रोजी, पुण्यात मुठा कालव्याची भिंत खचून दांडेकर पुलाजवळची गोरगरिबांची घरे पाण्यात गेली, तेव्हाचे जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांनाही उंदीर, घुशी आणि खेकडे यांचीच आठवण झाली होती.

आम्ही या प्राण्यांची वकिली करू इच्छित नाही. मातीच्या धरणात खेकडे बिळे करतात, घुशी भुयारे काढतात, झुडपांची मुळे भरावात शिरून कुजतात आणि आपल्यामागे पोकळी ठेवतात, हे अभियांत्रिकीचे साधे सत्य आहे. त्या पोकळीतून पाणी झिरपू लागले, की प्रत्येक थेंब मातीचा एक कण आपल्याबरोबर नेतो. झिरप्याची धार होते, धारेचे भुयार होते, आणि एका रात्री भिंतच जाते. परंतु ज्या अर्थी हे सत्य सर्वांना ठाऊक आहे, त्या अर्थी बिळे शोधणे, झुडपे उपटणे, झिरपणारे पाणी दररोज मोजून नोंदविणे यासाठीच तर देखभाल नावाचे खाते असते! खेकड्याने भोक पाडले हे क्षणभर मान्य केले, तरी ते बुजविण्यासाठी माणूस का नव्हता, आणि माणूस असल्यास त्याच्या हाती पैसा का नव्हता, हा प्रश्न उरतोच. खेकडा त्याचे उत्तर देऊ शकत नाही. ते सरकारने दिले पाहिजे.

हा प्रश्न महाराष्ट्राइतका दुसऱ्या कोणत्याही राज्याच्या जिव्हाळ्याचा नाही. देशात सर्वांत अधिक मोठी धरणे याच राज्यात आहेत. त्यांची संख्या चोवीसशेच्या घरात जाते. धरण फुटणे म्हणजे काय, याचा धडाही आम्हांला लवकर मिळाला. १२ जुलै १९६१ रोजी, काम अपुरे असता पाणी अडविलेले पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे १८७९ साली पूर्ण झालेले खडकवासला धरण टिकले नाही, आणि पुणे शहर बुडाले. पुढे १९६९ साली भंडारदऱ्याच्या दगडी भिंतीला तडे गेल्याचे ध्यानात आले, तेव्हा मात्र शासन जागे होते. पाणी उतरविण्यात आले, मागील बाजूने आधारभिंती देऊन १९२६ सालचे ते धरण सावरण्यात आले, आणि ते आजही प्रवरेचे खोरे भिजवीत आहे. १९६७ च्या भूकंपात कोयनेला तडे गेले, तेही असेच बुजवून धरण बळकट करण्यात आले. एका बाजूला पानशेत आणि तिवरे, दुसऱ्या बाजूला भंडारदरा आणि कोयना! विद्येचा अभाव दोन्हीकडे नव्हता. वेळेवर घातलेला पैसा आणि वेळेवर दिलेले लक्ष, एवढाच काय तो फरक.

शाळेतील अंकगणितात हौदाची उदाहरणे असत. एका नळाने हौद अमुक तासांत भरतो, तळाच्या तोटीने तमुक तासांत रिकामा होतो. दोन्ही एकदम उघडल्यास हौद केव्हा भरेल? तळाची तोटी विसरणाऱ्या मुलाचे उत्तर चुके आणि त्याला गुण मिळत नसत. आमची अंदाजपत्रके वर्षानुवर्षे तळाची तोटी विसरत आली आहेत. नव्या धरणाला पैसा मिळतो, कारण त्याचे भूमिपूजन होते, त्यावर कोनशिला बसते, कोनशिलेवर नाव कोरता येते. बुजविलेल्या बिळावर कोणाचे नाव कोरणार? दशकभरात सुमारे सत्तर हजार कोटी रुपये ओतूनही राज्याचे सिंचित क्षेत्र नाममात्रच वाढले, हा निष्कर्ष २०१२ साली सरकारी आकडेवारीवरूनच निघाला. सरकारने श्वेतपत्रिका काढून तो खोडण्याचा यत्न केला. परंतु लोकांच्या मनातील संशय तिने धुऊन निघाला नाही. भरणारा नळ मोठा करावयाचा आणि गळणाऱ्या तोटीकडे पाठ फिरवावयाची, या व्यवहारास जलतज्ज्ञ बांधणे, दुर्लक्षिणे आणि पुन्हा बांधणे असे दुष्टचक्र म्हणतात.

मग पैसा आणावयाचा कोठून? पहिले उत्तर नेहमीचे आहे : कर्ज काढून. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या धरण पुनर्वसन योजनेच्या दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांना केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२० मध्ये मान्यता दिली. १९ राज्यांतील ७३६ धरणे, १०,२११ कोटी रुपये, आणि मार्च २०३१ पर्यंतची मुदत. त्यांत महाराष्ट्राची १६७ धरणे असून त्यांसाठी ९४० कोटी रुपये धरले आहेत. म्हणजे सरासरीने एका धरणामागे साडेपाच कोटींहून थोडे अधिक. ही रक्कम आम्ही तुच्छ लेखीत नाही. परंतु चोवीसशेपैकी १६७ म्हणजे शंभरात सात! उरलेल्या त्र्याण्णवांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे? शिवाय ही योजना धरणांची आहे. धरणापासून शेतापर्यंत मैलोगणती पसरलेल्या फुटक्या कालव्यांचा भार तिच्यावर टाकता येत नाही. आणि कर्ज हे मोठ्या आजाराचे औषध आहे, रोजच्या भाकरीची सोय नव्हे. कोळीसुद्धा नव्या होडीसाठी कर्ज काढील. दररोज उसवणारे जाळे सांधण्यासाठी रोज कर्ज काढू लागला, तर एका हंगामात होडीही गमावून बसेल.

दुसरे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. ३० डिसेंबर २०२१ पासून अंमलात आलेल्या धरण सुरक्षा कायद्याने प्रत्येक धरणमालकावर, म्हणजे मुख्यतः राज्य सरकारांवर, देखभाल-दुरुस्तीसाठी पुरेसा आणि स्वतंत्र निधी राखून ठेवण्याचे बंधन घातले आहे. ‘पुरेसा’ आणि ‘स्वतंत्र’ हे दोन शब्द फार मोलाचे आहेत. पगार व प्रवासभत्ते भागल्यावर उरलेली चिल्लर म्हणजे स्वतंत्र निधी नव्हे. तिसरे उत्तर तर मच्छीमारनगरच्या शेजारीच आहे. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याचे कार्यालय थाटले गेले ते कफ परेडच्या जागतिक व्यापार केंद्रात. राज्यभरच्या ठोक पाण्याचे दर ठरवून देखभालीचा खर्च त्यांतून निघेल असे पाहणे, हे त्याचे काम. तेव्हा ज्या गावाला धरणाची भीती वाटते त्या गावापासून शेकडो मैलांवर, समुद्राच्या काठी, त्या धरणाच्या दुरुस्तीची किल्ली आहे. ती कुलपात फिरते की नाही, एवढेच पाहावयाचे.

येथे मुंबईकर वाचक म्हणेल, कालवे शेतकऱ्यांचे, धरणे पाटबंधारे खात्याची. आमचा संबंध काय? संबंध त्याच्या नळाचा आहे. हे शहर दररोज चारशे कोटी लिटरांच्या आसपास पाणी पिते आणि त्यातले जवळजवळ निम्मे शहापूर तालुक्यातील भातसा धरणातून येते. भातसा आणि ऊर्ध्व वैतरणा ही धरणे महापालिकेची नसून राज्य सरकारची आहेत. गिरगावच्या चाळीतील माठ, लालबागची टाकी आणि मच्छीमारनगरातील हंडा सरकारी धरणाच्या भिंतीवर विसंबून आहेत. तेव्हा धरणाच्या आरोग्याचा पुरता खर्च देण्याची पहिली पाळी शेतकऱ्याची नसून शहरांची आणि कारखान्यांची आहे, हे अप्रिय सत्य आम्ही आमच्याच वाचकांना सांगणे हे कर्तव्य समजतो. गरिबाच्या हंड्याला झळ न लावता हे करता येईल. जलतरण तलावांची चैन करणाऱ्यांनी आणि पाणी विकून नफा मिळविणाऱ्यांनी कुरकुर केली, तर ती ऐकून सोडून द्यावी.

मात्र शेतकऱ्याला यातून सर्वस्वी वगळा, हा सल्ला त्याच्या हिताचा नाही. तो आपत्तीत आहे, हे मान्य. परंतु फुटक्या कालव्याची किंमत तो आजच मोजीत आहे, आणि ती सर्वांत अधिक मोजतो तो कालव्याच्या शेवटच्या टोकाचा लहान शेतकरी, ज्याच्या चारीत पाणी पोहोचतच नाही. पाणी मिळाले आणि पैसा आपल्याच कालव्यावर खर्च होताना दिसला, तर शेतकरी पट्टी भरतो, हे नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाने दाखवून दिले आहे. तेथे पाणीवाटपाचा आणि वसुलीचा कारभार शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनीच अंगावर घेतला. ही कल्पना परकी नाही. धुळे-नाशिककडील पांझरा आणि मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत पाटाची साफसफाई ही लाभधारकांची सामाईक जबाबदारी असे आणि पाण्याची वाटणी करण्यास पाटकरी नेमलेला असे. आमच्या पूर्वजांना जे उमगले, ते आम्ही मोठमोठ्या कचेऱ्या उघडून विसरलो.

सबब आमचे मागणे थोडे आणि स्पष्ट आहे. प्रत्येक धरणाचे दुरुस्तीखाते वेगळे असावे आणि त्या धरणाच्या पाण्यातून येणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा थेट त्या खात्यात जमा व्हावा; राज्याच्या सामाईक तिजोरीत पडून तो दिसेनासा होऊ नये. जेथे पाण्याचे उत्पन्न तुटपुंजे आहे अशा तिवऱ्यासारख्या लहान धरणांसाठी, मोठ्या शहरांच्या आणि कारखान्यांच्या पाणीपट्टीतून एक सामाईक राखीव निधी उभारावा. दरवर्षी पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीचा अहवाल आणि जमाखर्च त्या त्या गावच्या चावडीवर मराठीत लावावा; कारण निधी वेगळा केला की त्याला पाय फुटतात, आणि ते लोकांच्या नजरेनेच बांधून ठेवता येतात. आणि ज्या खोऱ्यातील जुन्या धरणांची दुरुस्ती तुंबली आहे, तेथे नव्या प्रकल्पाला मंजुरी देण्यापूर्वी त्या दुरुस्तीची तरतूद सभागृहापुढे मांडण्याचे बंधन असावे.

बंदी संपत आली की नारळी पौर्णिमा येते. मच्छीमारनगरचा कोळी समुद्राला नारळ वाहतो, पण केव्हा? होडी सांधून झाल्यावर, जाळे विणून झाल्यावर. आमचे मंत्री नारळ फोडतात तो कामाच्या आरंभी, आणि मग जे मागे वळून पाहत नाहीत ते धरण फुटल्यावरच! आधी दुरुस्ती, मग नारळ, हा क्रम ज्या दिवशी मंत्रालयात रूढ होईल, त्या दिवसापासून महाराष्ट्रातील कोणत्याही खेकड्याला धरण फोडल्याचा आळ सोसावा लागणार नाही, आणि तिवऱ्यासारख्या गावांतील माणसे पावसाळ्याच्या रात्री निर्धास्त झोपतील.