माणूसपणाचा दाखला

संगणकाच्या पडद्यावरील वाकड्या अक्षरांविषयी या पानावर लिहिणे अनेक कार्यकर्त्यांना क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. महागाई, बेकारी आणि शेतमालाचे भाव हे प्रश्न उभे असताना ही सुखवस्तू माणसाची कुरकूर कशाला, असा आक्षेप येईल. परंतु सातबारा, निवृत्तिवेतन, बँकेचे खाते यांच्याकडे जाणारी वाट आज ज्या दारातून जाते, त्या दारावर पहारा कोणाचा आहे हे पाहणे चळवळीचेच काम आहे. तेथे ‘कॅप्चा’ नावाची परीक्षा बसली आहे. आत शिरू पाहणाऱ्याने वेडीवाकडी अक्षरे ओळखावीत, किंवा नऊ चित्रांतून रहदारीचे दिवे असलेली चित्रे वेचावीत, आणि आपण यंत्र नसून माणूस आहोत असे सिद्ध करावे. चुकला तर पुन्हा, पुन्हा चुकला तर पुन्हा.

या परीक्षेचे मूळ प्रयोजन खोटे नव्हते. एका झटक्यात हजारो बनावट खाती उघडणारी यंत्रे अडविणे आवश्यक होते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुईस फॉन आन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तिची शास्त्रीय मांडणी केली. १९५० साली ॲलन ट्युरिंग यांनी सुचविलेल्या प्रसिद्ध कसोटीत माणूस परीक्षक होता आणि यंत्र उमेदवार. येथे यंत्र परीक्षकाच्या खुर्चीत बसले.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. फॉन आन यांनीच हिशेब मांडला की जगभर रोज सुमारे २० कोटी वेळा ही परीक्षा दिली जाते आणि दर वेळी सुमारे दहा सेकंद जातात. म्हणजे रोजचे पाच लाख तासांहून अधिक! आठ तासांची पाळी धरली तर ही साठ हजारांहून अधिक कामगारांची एका दिवसाची मेहनत होते. ती वाया जाऊ नये म्हणून २००७ साली ‘रीकॅप्चा’ आले. त्यात दोन शब्द दाखवीत. एकाचे उत्तर यंत्राला ठाऊक असे. दुसरा जुन्या ग्रंथाच्या किंवा वृत्तपत्राच्या पानावरचा, यंत्राला न वाचता आलेला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जुने अंक अशा रीतीने लोकांकडून वाचून घेतले गेले. ज्ञानाचे जतन म्हणून त्यात वाईट काही नव्हते. मात्र २००९ साली गूगलने हा सारा उद्योग विकत घेतला, आणि पुढे याच दारात लोकांकडून कंपनीच्या नकाशांसाठी टिपलेल्या छायाचित्रांतील घरांचे क्रमांक वाचून घेतले जाऊ लागले. काम करणाऱ्याला आपण काम करीत आहोत याचा पत्ता नव्हता. मजुरीचा तर प्रश्नच नव्हता.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका महिलेने २०१५ साली याविरुद्ध दावा लावला. कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने २०१६ साली तो फेटाळला. एक शब्द टंकित करण्याचे काही सेकंदांचे कष्ट नगण्य आहेत आणि बदल्यात खाते फुकट मिळते, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. आपल्या बाजारपेठांत पोत्यामागे किलो-दोन किलोचा कडता कापणारा अडत्या याहून वेगळे काय सांगत आला? एका पोत्याचा कडता नगण्यच असतो. अडत्याच्या वखारीत तो नगण्य राहत नाही.

बरे, एवढे करून चोर अडतो काय? सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की हजार परीक्षा सोडवून देण्याचा बाजारभाव साधारण एक डॉलर होता, आणि त्या सोडविणारे हात भारत, बांगलादेश, चीन, व्हिएतनाम अशा स्वस्त मजुरीच्या देशांतले होते. म्हणजे खोटी खाती उघडणाऱ्याला माणूसपण घाऊक भावाने विकत मिळते, आणि ते आपल्याच बेकार तरुणांकडून! २०२३ मध्ये अर्व्हाइन येथील संशोधकांनी तर यंत्रे या परीक्षा माणसांपेक्षा जलद आणि अधिक अचूक सोडवितात असा निष्कर्ष काढला.

मग दाराबाहेर राहतो कोण? ज्याची दृष्टी अधू आहे तो. ज्याचे हात कापतात तो. ज्याला रोमन लिपी येत नाही तो. सातबारा पाहण्याच्या सरकारी संकेतस्थळावर सारा मजकूर मराठीत आहे, पण परीक्षेची अक्षरे रोमन! लोहियांनी इंग्रजी हटविण्याची चळवळ केली तेव्हा त्यांच्यापुढे न्यायालये, कचेऱ्या आणि विद्यापीठे होती. आज शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीच्या कागदाआड इंग्रजी मुळाक्षरे उभी आहेत, आणि शासनाला त्यात काही वावगे दिसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाला दिसले. डोळ्यांची उघडझाप करून जिवंतपणा सिद्ध करा, असे बँकेच्या ओळख-पडताळणीत सांगितले जाते. ॲसिडहल्ल्यात पापण्या गमावलेल्यांनी आणि अंधांनी काय करावे? ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरविला आणि पडताळणीचे मार्ग सर्वांना पार करता येतील असे करण्याचे आदेश दिले.

भांडवलाची पावले मात्र उलट दिशेला पडत आहेत. बोलणारी यंत्रे बनविणाऱ्या ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच उभारलेल्या ‘वर्ल्डकॉइन’ने २०२३ साली बुबुळाची प्रतिमा घेऊन माणूसपणाची नोंद करण्याचा व्यवसाय जगभर सुरू केला. केनियात गरिबांच्या रांगा लागल्या, कारण बदल्यात काही आभासी नाणी मिळत होती. तेथील सरकारने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो प्रकार थांबविला, आणि २०२५ च्या मे महिन्यात तेथील उच्च न्यायालयाने गोळा केलेली माहिती पुसून टाकण्याचा हुकूम दिला. यंत्राचा कारखानदार एक, आणि तू यंत्र नाहीस असा दाखला विकणाराही तोच, ही नवी मक्तेदारी आपल्याकडे रुजण्यापूर्वी तिला ओळखले पाहिजे.

आपल्या मागण्या अवघड नाहीत. सरकारी संकेतस्थळांवर खासगी कंपनीची परीक्षा असू नये. जेथे पडताळणी अपरिहार्य आहे तेथे ती मराठीत आणि अंधांना पार करता येईल अशी असावी. जी सेवा पडद्यावर मिळते ती तहसील कचेरीच्या खिडकीवर, त्याच शुल्कात, माणसाकडून मिळावी. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा मुदतीत मिळण्याचा हक्क दिलेलाच आहे. तालुका शाखांनी या दारावरून परत फिरलेल्यांचे लेखी अर्ज जमवावेत, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.