कारागीर मिळत नाही, की मिळू दिला जात नाही?

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा जपानमध्ये ज्यांच्यापाशी १९७० आणि १९८० च्या दशकांतील नाणे टाकून चालणारी व्हिडिओ गेमची यंत्रे उरली आहेत, त्यांची एक तक्रार असते : यंत्र बंद पडले तर ते उघडून दुरुस्त करणारा माणूस सापडत नाही. त्यावर ठरीव उत्तर असे की, काळ बदलला, मागणी उरली नाही, म्हणून कारागीरही उरला नाही. बाजाराचा नियमच आहे तो! पुरोगामी म्हणवणारी मंडळीही हे उत्तर मान डोलावून स्वीकारतात आणि वर विचारतात की, हौशी सुखवस्तूंच्या खेळण्यांशी कष्टकऱ्यांच्या चळवळीचे काय देणेघेणे? देणेघेणे आहे. कारागिराची ही टंचाई निसर्गाने आणलेली नाही.

१९७२ साली अटारी कंपनीने कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे एका मद्यगृहात ‘पाँग’ हे पहिले यंत्र चाचणीसाठी ठेवले. काही दिवसांतच ते बंद पडल्याचा निरोप आला. ते बनवणारा अभियंता अल अल्कॉर्न स्वतः गेला, तेव्हा पेटी नाण्यांनी ओसंडून यंत्र अडकले होते, असे तोच सांगत असे. या धंद्याचे सारे मर्म या एका प्रसंगात आहे. यंत्र बंद म्हणजे नाणी बंद. म्हणूनच त्या काळी कारखानेच यंत्राबरोबर संपूर्ण सर्किट डायग्राम असलेली पुस्तिका देत. ‘पाँग’मध्ये मायक्रोप्रोसेसर नव्हताच, होत्या त्या बाजारात मिळणाऱ्या साध्या आयसी. १९८० च्या ‘पॅकमॅन’मधील झेड-८० ही चिपही कोणालाही विकत घेता येई. पडदा म्हणजे टीव्हीचीच पिक्चर ट्यूब. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला ती परकी नव्हती. यात भांडवलदाराच्या औदार्याचा लवलेश नव्हता. त्याला दुरुस्ती हवी होती, म्हणून ज्ञान खुले होते, एवढेच.

गरज सरताच काय झाले? फेब्रुवारी १९८३ मध्ये अटारीने उत्पादन हाँगकाँग व तैवानला हलवताना सुमारे १७०० कामगारांना घरी बसवले. त्याच वर्षी न विकला गेलेला माल न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरला गेला. २०१४ साली तो उकरला गेला, तेव्हा मातीने माखलेल्या काडतुसांची छायाचित्रे जगभर झळकली. त्या १७०० जणांची आठवण मात्र फारशी कोणाला झाली नाही.

त्यापुढचा टप्पा अधिक निलाजरा आहे. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ पासून वापरात आणलेल्या सीपीएस-२ या सर्किट बोर्डात खेळ सांकेतिक लिपीत ठेवला आणि तो उलगडणारी किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत ठेवली. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि धडधाकट बोर्ड मुका होतो. हौशी लोकांनी याला ‘आत्मघाती बॅटरी’ असे सार्थ नाव दिले आहे. नकला रोखण्यासाठी हे केले, हा कंपनीपक्षाचा बचाव. नकलाकार रोखला गेला असेल. पण त्याबरोबर पैसे मोजून यंत्र घेणारा मालक आणि कारागीरही हद्दपार झाले, त्याचे काय? अखेर २००७ साली ही लिपी फोडली ती विनामोबदला काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी, आणि पुढे किल्ली पुन्हा लिहिण्याची रीतही त्यांच्यासारख्यांनीच शोधली. एकाने बुद्धी पुरवायची आणि दुसऱ्याने कुलूप घालायचे, अशी ही श्रमविभागणी आहे.

कायद्याकडून दिलासा मिळेल म्हणावे, तर कॅलिफोर्नियाने २०२३ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि त्यातून घरगुती व्हिडिओ गेमची यंत्रे वगळली. मिनेसोटानेही त्याच वर्षी तेच केले. आजचे घरगुती यंत्र उद्या जुने होणार आहे. त्याचा मिस्त्री आजच नाहीसा केला जात आहे.

‘जुना बोर्ड फेका, अनेक खेळांचा एक स्वस्त बोर्ड बसवा’ असा शहाणपणाचा सल्ला देणारेही आहेत. त्याने खोके चालू होईल, विद्या जाईल. वाळलेले कंडेन्सर बदलणे पुस्तकातून शिकता येते. पण यंत्र बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टच्या घरातला भार उरू शकतो; तो सुरक्षितपणे उतरवायला जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. तो जाणता आज म्हातारा झाला आहे. ट्यूबचे कारखाने मिटले, आणि १९७६ पासून चालत आलेल्या मूळ झेड-८० चे उत्पादन थांबवत असल्याचे झायलॉगने २०२४ मध्ये जाहीर केले.

आपल्याकडे २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने समिती नेमली, पोर्टल काढले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने अशी क्षेत्रे ठरवली. पोर्टल म्हणजे हक्क नव्हे. टीव्हीच्या मेकॅनिकने ज्या हातांनी पिक्चर ट्यूब सांभाळली, त्याच हातांत ट्रॅक्टरचा किंवा मोबाइलचा बोर्ड देण्यापूर्वी सर्किट डायग्राम, सुटे भाग आणि कुलपाच्या किल्ल्या देण्याची सक्ती कंपन्यांवर कायद्याने व्हावी. कंपनीने उत्पादन थांबवले तर ती कागदपत्रे सार्वजनिक व्हावीत. आणि जुन्या कारागिराला आयटीआयत पगारी शिक्षक म्हणून, शिकाऊ पोरांसह, नेमावे. कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात या तीन मागण्या घालाव्यात.