‘दुरुस्त झाले’, पण कोणत्या आवृत्तीत?

पाठ्यपुस्तकात चूक सापडते, ओरड होते आणि काही दिवसांनी ‘चूक दुरुस्त केली आहे’ असे जाहीर होते. मुलाच्या दप्तरातल्या पुस्तकात मात्र ती तशीच असते, कारण ते पुस्तक आधीच्या छपाईचे असते. सॉफ्टवेअरचेही असेच आहे. ‘दोष दूर झाला’ हे वाक्य अर्धे आहे. कोणत्या आवृत्तीपासून दूर झाला आणि ती आवृत्ती आपल्या संगणकात आहे का, हे कळले तरच ते पूर्ण होते.

हा प्रश्न किती महत्त्वाचा असतो, ते ७ एप्रिल २०१४ रोजी जगाने पाहिले. वेबसाइटशी होणारी आपली देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधला ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष त्या दिवशी उघड झाला. त्याचा फायदा घेऊन कोणीही सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा पुन्हा पुन्हा बाहेर काढू शकत होता. त्यात पासवर्डही असू शकत होते. जगभर एकच प्रश्न विचारला गेला : आमच्याकडची आवृत्ती सुरक्षित आहे का?

याचे उत्तर तारीख पाहून मिळत नव्हते. ६ जानेवारी २०१४ रोजी ओपनएसएसएलच्या दोन आवृत्त्या एकाच दिवशी निघाल्या होत्या, १.०.१एफ आणि १.०.०एल. पहिलीत दोष होता, दुसरीत नव्हता. कारण दोष १.०.१ या शाखेत शिरला होता आणि १.०.० ही जुनी शाखा त्यापासून दूर राहिली होती. दुरुस्ती आली ती १.०.१जी मध्ये. म्हणजे ‘नवी तारीख, म्हणून सुरक्षित’ हा आपला नेहमीचा हिशोब इथे चुकतो. तारखेपेक्षा वंशावळ महत्त्वाची.

ही वंशावळ जपण्याचे काम ‘गिट’ करते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते तयार केले. त्यात प्रत्येक बदलाची नोंद होते, तिला कमिट म्हणतात. प्रत्येक कमिटला साधारणपणे ४० अक्षर-अंकांची स्वतःची ओळख असते आणि आपल्या आधीचे कमिट कोणते, हेही त्यात लिहिलेले असते. आवृत्ती प्रसिद्ध करताना त्या टप्प्यावर नावाची चिठ्ठी लावतात, ती म्हणजे टॅग. मग ‘गिट टॅग --कंटेन्स’ ही आज्ञा देऊन पुढे कमिटची ओळख लिहिली, की ज्या ज्या टॅगच्या पूर्वजांत ते कमिट आहे त्यांची यादी समोर येते. एका ओळीची आज्ञा, पण अंदाजाच्या जागी पुरावा देणारी.

पण यादी मिळाली म्हणजे तहकीक संपली, असे नाही. पुष्कळदा नवी दुरुस्ती जुन्या शाखेत नकलून घालतात. बदल तोच, पण कमिट नवे, म्हणून ओळखही नवी. अशी आवृत्ती त्या यादीत येत नाही. डेबियन ७ ने तर हार्टब्लीडची दुरुस्ती १.०.१ई या जुन्याच क्रमांकाच्या पॅकेजमध्ये घातली होती, फक्त पॅकेजच्या क्रमांकाची शेपटी बदलली. नुसते ‘१.०.१ई’ वाचणाऱ्याला ती आवृत्ती धोक्याची वाटली असती. अशा वेळी कमिटच्या संदेशात शोध घ्यावा लागतो. लिनक्सच्या स्थिर शाखांत नकललेल्या कमिटमध्ये मूळ कमिटची ओळख लिहिण्याची पद्धत आहे. ही चांगली शिस्त आहे. याच्या उलटही घडते. एखादा बदल आत येतो आणि पुढे मागे घेतला जातो. यादी ‘आहे’ म्हणते, प्रत्यक्षात तो नसतो. म्हणून शेवटी त्या आवृत्तीतली फाइल उघडून पाहावीच.

माझा मुद्दा एवढाच, की ही सगळी तपासणी शक्य झाली, कारण ओपनएसएसएलचा इतिहास सर्वांसाठी खुला होता. बंद सॉफ्टवेअरमध्ये कंपनी सांगेल त्यावर विश्वास ठेवण्याखेरीज आपल्या हाती फारसे काही नसते. शाळा, बँका, सरकारी कचेऱ्या आपली माहिती ज्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतात, त्याच्या पुरवठादाराकडून त्यांनी प्रत्येक दुरुस्तीचा आवृत्ती क्रमांक लेखी मागायला हवा. जिथे शक्य तिथे खुल्या इतिहासाचे सॉफ्टवेअर निवडायला हवे. आणि संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना प्रोग्राम लिहिण्याबरोबर हा इतिहास वाचायलाही शिकवायला हवे. ‘दुरुस्त झाले’ असे कोणी म्हटले, की ‘कोणत्या आवृत्तीत?’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून आपोआप निघाला पाहिजे.