रस्सा सगळ्यांना, फोडी कोणाला?

आखाड लागला की बारामती तालुक्यातल्या सुप्यापासून इंदापूरच्या भिगवणपर्यंत मटणाच्या दुकानांपुढे गर्दी होते. श्रावण पाळण्याआधीचे हे शेवटचे रविवार. गर्दी अजूनही तेवढीच दिसते, पण पिशवीतले वजन कमी झाले आहे. जिथे किलोभर मटण जायचे तिथे अर्धा किलो जाते आणि तेवढ्याच माणसांना पुरावे म्हणून पातेल्यात पाणी वाढते. २०१९ च्या अखेरीस मटणाचा दर किलोला सहाशेच्या आसपास गेला, तेव्हा कोल्हापुरात आंदोलन झाले होते. आता सातशे-आठशे रुपये मोजावे लागतात आणि लोक काही न बोलता कमी घेतात.

हा प्रश्न खिशाचा आहे तसाच आरोग्याचाही आहे. महिन्यातून चारऐवजी दोनदा मटण खाल्ले म्हणून कोणी आजारी पडत नाही. पण जे कमी झाले ते घरात कोणाच्या ताटातून कमी झाले, यावर पुढचे बरेच काही ठरते.

आधी दर का चढतात ते पाहू. शेळी-मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. करडू विक्रीजोगे व्हायला त्यापुढे आणखी आठ-दहा महिने जातात. वीस किलोच्या बोकडापासून मटण मिळते जेमतेम नऊ-दहा किलो. त्यामुळे मागणी वाढली तरी पुरवठा लगेच वाढत नाही. त्यात सुप्याचा भाग पर्जन्यछायेतला. तालुक्याच्या कालव्याखालच्या बाजूला ऊस उभा असतो, तर सुपे, मोरगावकडे जिरायत माळ. पाऊस हुकला की चारा संपतो आणि जनावर मिळेल त्या भावात विकावे लागते. पुढच्या वर्षी तेवढीच जनावरे बाजारात कमी येतात. पावसाळ्यानंतर कळप घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगर मेंढपाळांनाही चराईची मोकळी राने दरवर्षी कमी सापडतात.

कोंबडीचे गणित वेगळे आहे. ब्रॉयलर पक्षी पाच-सहा आठवड्यांत तयार होतो, पण त्याच्या खर्चातला साठ ते सत्तर टक्के वाटा खाद्याचा असतो. हे खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल आणि कोंबडीचे खाद्य असे दोघे एकाच मक्याचे गिऱ्हाईक झाले. साखर कारखान्यांबद्दलचा निर्णय चिकनच्या दरापर्यंत पोहोचतो तो असा.

मटणाचा पुरवठा वाढवण्यासाठी काही करता येईल का? बारामतीशेजारच्या फलटणमध्ये निंबकर कृषी संशोधन संस्थेने यावर अनेक वर्षे काम केले आहे. आपल्याकडची दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबन भागातल्या गरोळ जातीच्या मेंढ्यांमध्ये एक जनुक असते, त्यामुळे त्यांना जुळी-तिळी होतात. संकरातून हे जनुक दख्खनी मेंढीत आणून संस्थेने ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. मात्र जुळ्यांना दूध पुरवायचे तर मेंढीला चारा आणि खुराक जास्त लागतो, देखभालही जास्त लागते. दुष्काळी माळावर हीच अडचण असते. त्यामुळे असे उपाय उपयोगाचे असले तरी सावकाश पसरणारे आहेत. तोवर घरातल्या घरात काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

तिथे पहिला हिशेब प्रथिनांचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलोच्या व्यक्तीला सुमारे ४६ ग्रॅम. हाडासकट घेतलेल्या १०० ग्रॅम मटणातून साधारण १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. मटण आठशे रुपये किलो धरले तर एक ग्रॅम प्रथिन पाच रुपयांच्या वर पडते. चिकन अडीचशे रुपये किलो धरले तर पावणेदोन रुपयांच्या आसपास. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने. सात रुपयांचे अंडे धरले तर ग्रॅममागे सव्वा रुपयाही पडत नाही. तूरडाळ किंवा मटकी १२० रुपये किलो असेल तर साधारण पन्नास-पंचावन्न पैसे. दर गावोगाव बदलतात; आपल्या बाजारातला भाव घालून हा हिशेब प्रत्येकाने करून पाहावा. निष्कर्ष फारसा बदलत नाही. रोजची प्रथिने डाळी, कडधान्ये, शेंगदाणे, दूध आणि अंडी यांतून भागवावीत, त्यासाठी मटणावर अवलंबून राहण्याचे कारण नाही. बाजरी-ज्वारीच्या प्रथिनात जे कमी असते ते कडधान्यात असते, म्हणून भाकरी आणि मटकीची उसळ ही जोडी पोषणाच्या दृष्टीनेही चांगली.

मग मटणाचा विशेष उपयोग काय? तो लोहासाठी आणि ब-१२ जीवनसत्त्वासाठी. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतले लोह शरीर फार थोडे शोषून घेते, बऱ्याचदा दहा टक्क्यांहूनही कमी. मांसातले लोह त्याच्या कितीतरी पट चांगले शोषले जाते. आणखी एक गोष्ट फारशी माहीत नसते. जेवणात थोडे जरी मांस असले, तरी त्याच जेवणातल्या भाकरीचे आणि डाळीचे लोहही शरीर अधिक प्रमाणात घेते. म्हणजे थोडे मटण आपल्या वजनापेक्षा जास्त काम करते. अर्धा किलो मटणात हरभऱ्याची डाळ, मसूर किंवा बटाटा घालून ते वाढवणे ही जुनी काटकसर शास्त्रालाही मान्य होण्यासारखी आहे.

पण यासाठी मांस पोटात जायला हवे, नुसता रस्सा नव्हे. अळणी पाणी, पायाचे सूप, रस्सा यांत ‘सगळी ताकद उतरते’ असा समज आहे. प्रत्यक्षात प्रथिने आणि लोह यांचा मोठा भाग फोडीतच राहतो. हाडे उकळून रश्श्यात येणाऱ्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते आणि कॅल्शियमही फार उतरत नाही. रस्सा चवीला उत्तम, आजाऱ्याला घ्यायला सोपा. पण तो फोडींची जागा घेत नाही.

खरी अडचण येथे आहे. बहुतेक घरांत आधी पुरुष आणि पाहुणे जेवतात, मग मुले, शेवटी बाई. पातेले भरलेले असते तेव्हा या क्रमाने फारसे बिघडत नाही. मटण निम्म्यावर आले की शेवटच्या ताटात रस्सा आणि भाकरी एवढेच उरते. आणि लोहाची गरज नेमकी त्याच ताटाला सर्वाधिक असते. शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर मासिक पाळी येणाऱ्या स्त्रीला २९. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. पण ज्या घरात लोहाचा चांगला स्रोत आधीच कमी, तिथे तो गरजेच्या उलट क्रमाने वाटला जातो, हे आपल्या हातातले कारण आहे.

म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा. वाढण्याआधी फोडी मोजून वेगळ्या काढाव्यात. घरातल्या बायका, वयात आलेल्या मुली आणि लहान मुले यांचा वाटा आधी ठेवावा. दुसरा, स्वस्त भाग टाळू नयेत. कोंबडीची कलेजी, बकऱ्याची रक्ती यांत लोह भरपूर असते. मात्र कलेजीत अ जीवनसत्त्व फार असल्याने गरोदर स्त्रियांनी ती वारंवार खाऊ नये, आणि गाऊट असलेल्यांनी बेतानेच खावी. तिसरा, मासे. उजनीच्या पाण्यातली चिलापी भिगवणच्या बाजारात मिळते आणि ती मटणापेक्षा पुष्कळ स्वस्त असते. आठवडी बाजारातली सुकट आणि बोंबीलही चालतात. खारवलेले असतील तर धुऊन घ्यावेत आणि रक्तदाब असणाऱ्यांनी जपून खावेत. चौथा, जेवणात लिंबू पिळावे आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. लिंबाने लोह शोषायला मदत होते, चहाने अडथळा येतो. रक्तक्षय असेल तर मात्र आहारावर विसंबून राहू नये. तपासणी करून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात.

मटणाचा दर ठरवणे आपल्या हातात नाही. मका कुठे जाईल, पाऊस कधी पडेल, हेही नाही. अर्धा किलोच्या फोडी कोणाच्या ताटात पडतील, एवढे मात्र प्रत्येक घराला ठरवता येते.