जाहिरातीचा शब्द आणि पुड्यातील माल

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी किला गेटची वस्ती आहे. तेथील एखाद्या गृहिणीने जाहिरातीवर विसंबून वीस रुपयांचा पुडा घेतला व तो फसवा निघाला, तर ती काय करील? एवढ्याशा रकमेसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार, असे म्हणून ती गप्प बसेल. आपणही बहुधा तेच करतो. परंतु वाचकहो, लाखो घरांतील असे वीस-वीस रुपये एकत्र झाले म्हणजे केवढी रास होते! लबाडाचा सारा भरवसा आपल्या या मौनावरच असतो.

यावर कायद्याने एक उपाय ठेवला आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तो होता व त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यातही आहे. एकाच प्रकारे नाडलेल्या अनेकांच्या वतीने एकाला वा काहींना, आयोगाच्या परवानगीने, सामुदायिक तक्रार करता येते. तक्रारदार जेथे राहतो तेथेही ती दाखल होते. किला गेटच्या रहिवाशाला कंपनीच्या गावी धाव घ्यावी लागत नाही. मोठ्या रकमेची प्रकरणे मात्र राज्य वा राष्ट्रीय आयोगापुढे जातात.

तथापि नुसता संताप म्हणजे पुरावा नव्हे. २०१५ साली मॅगी नूडल्सवर बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती रद्द करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने तपासणी करविली आणि नोव्हेंबरमध्ये माल पुन्हा दुकानांत आला. दरम्यान केंद्र सरकारने समस्त ग्राहकांच्या वतीने, दिशाभूल करणाऱ्या प्रचाराचा आरोपही ठेवून, नेस्ले कंपनीकडे सुमारे ६४० कोटी रुपये मागितले होते. ती तक्रार राष्ट्रीय आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली. फिर्यादी साक्षात सरकार असले, तरी आरोप सिद्ध करण्याचा भार त्याच्याच शिरावर असतो, हा यातील धडा होय. आणि आरोप झाला म्हणजे दोष ठरला, असे आपणही मानू नये.

म्हणून पावती जपावी, वेष्टन फेकू नये, जाहिरातीचे कात्रण काढून ठेवावे. शेजारीही तसाच फसला आहे काय, हे विचारावे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा सल्ला मिळतो. खोट्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण उत्पादकास प्रथम १० लाखांपर्यंत दंड करू शकते. परंतु त्याच्या कानी गोष्ट घालणारा कोणी तरी हवा.

आपले वीस रुपये आपण एक वेळ सोडून देऊ. शेजाऱ्याचे सोडून देण्याचा अधिकार मात्र आपणांस नाही.