घराचा विमा : सर्वेक्षकाचा आकडा हा अखेरचा शब्द नव्हे

पुराचे पाणी ओसरले की चिखल उपसणाऱ्या घरांत वही घेऊन दोन माणसे येतात. पहिला तलाठी. त्याच्या पंचनाम्यावरून सरकारी मदत ठरते. दुसरा विमा कंपनीने धाडलेला सर्वेक्षक, ज्याला सारे 'सर्व्हेअर' म्हणतात. ज्यांनी घराचा विमा उतरविला आहे अशा मोजक्याच घरांत तो येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तेव्हा मुंबईने, ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा सांगलीने आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली तेव्हा चिपळूणने ही दोन्ही माणसे पाहिली आहेत.

पंचनामा चुकला तर कोणाकडे जायचे, हे गावातल्या शेवटच्या माणसालाही ठाऊक असते. तहसील कचेरी असते, लोकप्रतिनिधी असतात, मोर्चा असतो. सर्वेक्षकाच्या अहवालाचे तसे नाही. काही आठवड्यांनी कंपनीचे चार ओळींचे पत्र येते. सहा लाखांच्या दाव्यावर दोन लाख मंजूर झालेले असतात, किंवा 'पॉलिसीच्या अटींनुसार दावा ग्राह्य धरता येत नाही' एवढेच लिहिलेले असते. विमाधारक ते पत्र न्यायालयाच्या निकालासारखे वाचतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. वास्तविक तो निकाल नसतो. ते व्यवहारातील एका पक्षाचे म्हणणे असते आणि त्याला उत्तर देता येते. मात्र ते उत्तर संतापाने नव्हे, तर कागदाने द्यावे लागते.

सर्वेक्षक हा कंपनीचा नोकर नसतो. तो विमा नियामकाकडून परवाना घेतलेला स्वतंत्र व्यावसायिक असतो, पण त्याचे शुल्क कंपनी देते. ही व्यवस्था जुनी आहे आणि तिच्यातील ताणही जुनाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका मालट्रकच्या अपघाताच्या प्रकरणात ही बाब स्पष्ट केली. सर्वेक्षकाचा अहवाल हा दावा निकाली काढण्याचा महत्त्वाचा आधार आहे, मात्र तो अखेरचा शब्द नाही आणि विमाधारकावर वा कंपनीवर तो डोळे झाकून बंधनकारक ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने कंपन्यांनाही चाप लावला. पहिल्या सर्वेक्षकाचा आकडा सोयीचा वाटला नाही म्हणून सबळ कारण न देता दुसरा सर्वेक्षक नेमता येणार नाही, असे तेथे सांगण्यात आले. अहवाल हा पुरावा आहे आणि पुराव्याला प्रतिपुरावा देता येतो, हे दोन्ही निकालांतून निघते.

प्रतिपुरावा द्यायचा तर आकडा कुठे आक्रसला हे आधी कळले पाहिजे. म्हणून आकडा कमी आल्यावर पहिली मागणी करायची ती सर्वेक्षण अहवालाच्या प्रतीची. ती लेखी मागितल्यास कंपनीने द्यावी लागते, पण बहुतांश लोक ती मागतच नाहीत. मंजूर रकमेचे एकच ठोक आकड्याचे पत्र हाती धरून वाद घालण्यात अर्थ नसतो. अहवालात मात्र भिंत, फरशी, वायरिंग, दारे, कपाटे यांची बाबवार फोड असते आणि प्रत्येक बाबीसमोर कपातीचे कारण असते.

ही कारणे ठरावीक आहेत. पहिले कारण खरे तर गैरसमजातून येते. शहरात ८० लाखांना घेतलेल्या सदनिकेचा विमाही ८० लाखांचा असेल, असे घरमालक गृहीत धरतो. विमा उतरतो तो बांधकामाचा. जमीन बुडत नाही, जळत नाही, त्यामुळे जमिनीची किंमत आणि परिसराचा भाव त्यात धरला जात नाही. चटई क्षेत्रफळ गुणिले त्या भागातील बांधकामाचा दर, एवढाच हिशेब असतो. पुणे-मुंबईत या हिशेबाने निघणारी रक्कम बाजारभावापेक्षा बरीच कमी असते. यात कंपनीने काही कापलेले नसते. त्यामुळे या मुद्द्यावर भांडण्यात वेळ दवडू नये.

दुसरे कारण अधिक जाचक होते. तीस लाखांचे बांधकाम पंधरा लाखांना विमित केले असेल, तर मालकाने निम्मा धोका स्वतःच्या शिरावर घेतला असे मानले जाई. मग नुकसान सहा लाखांचे झाले तरी भरपाई तीनच लाखांची मिळे. विम्याच्या परिभाषेत याला सरासरीचे कलम म्हणतात. हप्ता थोडा वाचावा म्हणून विमा रक्कम कमी लिहिणाऱ्यांना या कलमाचा अर्थ नुकसान झाल्यावरच उमगे. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आली आणि चित्र पालटले. तिच्यात हे कलम लावले जात नाही. विमा रकमेच्या मर्यादेत प्रत्यक्ष नुकसान द्यावे लागते. घसाऱ्याचेही तसेच आहे. पंधरा वर्षे जुन्या घराची भिंत पडली तर जुन्या भिंतीची किंमत न धरता ती पुन्हा उभारण्याचा खर्च धरायचा, हे या पॉलिसीचे सूत्र आहे. घरातील सामानासाठी इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण कमाल १० लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तिच्यात आपोआप धरलेले असते.

तेव्हा अहवालात 'अपुरा विमा' किंवा 'घसारा' या शीर्षाखाली कपात दिसली, तर पॉलिसी कोणती आहे हे सर्वप्रथम पाहावे. पॉलिसी 'भारत गृह रक्षा' असेल तर त्या कपातीलाच आव्हान देता येते. अन्य नावाची, जोडसंरक्षणे असलेली पॉलिसी असेल तर तिचे शब्द प्रमाण. आणि काही घरांत तर पॉलिसीच निघत नाही. गृहकर्ज घेताना बँकेने एक विमा दिला होता एवढे आठवत असते. कागद उघडल्यावर कळते की तो घराचा विमा नसून कर्जदाराच्या जिवाचा आहे. दोहोंच्या नावांतील साधर्म्य इतके आहे, की ही चूक सुशिक्षितांकडूनही होते. कर्ज फिटेपर्यंत घर बँकेकडे गहाण असते, त्यामुळे भरपाईच्या रकमेवर पहिला हक्क बँकेचा असतो, हेही अनेकांना दाव्याच्या वेळीच कळते.

नाकारलेल्या दाव्यांत मात्र पैशापेक्षा कारणाचा वाद असतो आणि महाराष्ट्रात तो बहुधा पाण्याचा असतो. पाणी आले कुठून? नदीचे पाणी घरात शिरले तर प्रश्न येत नाही. अतिवृष्टीने गटारे तुंबून तळमजल्यात पाणी साचले, तर तेही पॉलिसीतील 'जलमय होणे' या जोखमीत बसते. त्यासाठी जवळ नदी असण्याची गरज नाही. परंतु गच्चीतून वर्षानुवर्षे मुरणाऱ्या पाण्याने पोपडे धरले, छताची सळई गंजली, तर तो देखभालीचा दोष मानला जातो आणि दावा फेटाळला जातो. प्रत्यक्षात या दोन टोकांच्या मधली घरेच पुष्कळ असतात. भिंत आधीच ओलसर होती, त्या रात्रीच्या पावसात ती पडली. अशा वेळी सर्वेक्षक 'जुनी गळती' लिहून मोकळा होतो. त्याला उत्तर म्हणजे महसूल मंडळातील त्या दिवसाची पर्जन्यनोंद, शेजारच्या घरांचे पंचनामे, घटनेआधीची घराची छायाचित्रे आणि बांधकाम अभियंत्याचा लेखी अभिप्राय. ज्या तलाठी पंचनाम्याला विमा व्यवहारात कोणी मोजत नाही, तो इथे उपयोगी पडतो. अमुक दिवशी अमुक घरात अमुक फूट पाणी होते, हे सांगणारा तो त्रयस्थाचा कागद असतो.

घरफोडीच्या दाव्यांत पॉलिसीच्या शब्दांना याहून अधिक महत्त्व आहे आणि तेथे कायदा विमाधारकाच्या बाजूने झुकलेला नाही. पॉलिसीत घरफोडीची व्याख्या बळजबरीने प्रवेश अशी असेल, तर कुलूप न तोडता झालेली चोरी त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच ठरविले आहे. पॉलिसीचे शब्द लोकांना कठोर वाटले म्हणून न्यायालय ते बदलीत नाही.

उशिरा कळविले, हे कारण मात्र तपासून पाहण्यासारखे आहे. पूर आलेल्या गावात वीज नसते, फोन लागत नाहीत, माणसे निवारा केंद्रात असतात. विलंबाचे कारण खरे असेल तर केवळ उशीर झाला म्हणून यांत्रिकपणे दावा फेटाळू नये, असे विमा नियामकाने सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले होते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये वाहनचोरीच्या प्रकरणात हीच भूमिका घेतली. २०१९ च्या एका निकालाने आणखी एक दार बंद केले. दावा नाकारणाऱ्या पत्रात जे कारण दिलेले नाही, ते पुढे ग्राहक आयोगापुढे नव्याने उभे करता येत नाही. म्हणून कंपनीकडून तोंडी नकार घेऊन परतू नये. नकार लेखी आणि कारणासह मागावा. तो हाती आला की कंपनी त्या कारणांना बांधली जाते.

मुदतींचा जाच आता कंपन्यांनाही आहे. पूर्वी सर्वेक्षक नेमायला ७२ तास आणि अहवालाला ३० दिवस मिळत. २०२४ मध्ये नियामकाने नियम कडक केले. दावा कळविल्यापासून २४ तासांत सर्वेक्षक नेमावा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवावा, अशी ती चौकट आहे. रक्कम द्यायला विलंब झाल्यास बँक दरापेक्षा दोन टक्के अधिक दराने व्याज द्यावे लागते. हे व्याज मागितल्याशिवाय क्वचितच मिळते.

या साऱ्या प्रवासात सर्वांत नाजूक क्षण येतो तो पैसे हाती पडण्याच्या आदल्या दिवशी. कंपनी 'डिस्चार्ज व्हाउचर' नावाचा कागद पाठविते. 'ही रक्कम पूर्ण व अंतिम भरपाई म्हणून स्वीकारली' असा त्यावर मजकूर असतो. सही केल्याशिवाय पैसे सुटत नाहीत आणि घरात तर चुलीपासून सारे नव्याने घ्यायचे असते. सही होते. पुढे तक्रार केली की कंपनी तोच कागद पुढे करते. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये असे म्हटले होते, की केवळ सही आहे म्हणून ग्राहकाची तक्रार संपत नाही. ती सही फसवणुकीने, दबावाने किंवा चुकीची माहिती देऊन घेतली हे दाखविता आले पाहिजे. सप्टेंबर २०१५ मध्ये नियामकानेही परिपत्रक काढून, अधिक भरपाई मागण्याचा विमाधारकाचा हक्क नाकारण्यासाठी या कागदाचा वापर करू नये, असे कंपन्यांना सांगितले. तरीही दबाव होता हे सिद्ध करण्याचे ओझे विमाधारकावरच राहते. म्हणून सही करतानाच, किंवा रक्कम जमा होताच, 'ही रक्कम हक्क राखून, आक्षेपासह स्वीकारली आहे' असे पत्र कंपनीला पोचपावतीसह द्यावे. ती दोन ओळींची नोंद पुढच्या सुनावणीत मोठे काम करते.

पुढची वाट ठरलेली आहे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ती नियामकाच्या 'बीमा भरोसा' या संकेतस्थळावरही नोंदविता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि नोव्हेंबर २०२३ पासून ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालांना आहे. घरांचे बहुतेक दावे या मर्यादेत बसतात. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, विमाधारकावर नाही. तो मान्य नसेल तर विमाधारकाला ग्राहक आयोगाकडे जाता येते. उलट, आधी आयोगाकडे प्रकरण नेले तर लोकपालांचे दार बंद होते. त्यामुळे क्रम चुकवू नये.

आयोगाविषयीही एक गैरसमज आहे. दावा मोठा म्हणून राज्य आयोगाकडे धाव घेण्याचे कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अधिकारक्षेत्र ठरते ते मोबदल्यावर, म्हणजे विम्यात भरलेल्या हप्त्यावर. घराच्या विम्याचा हप्ता सहसा काही हजारांचाच असतो, त्यामुळे दावा कितीही मोठा असला तरी प्रकरण आपल्याच जिल्ह्यातील आयोगापुढे चालते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तेथे शुल्कही आकारले जात नाही.

लोकपालांकडे जाण्याची मुदत कंपनीच्या नकारापासून एक वर्ष आणि आयोगाकडे जाण्याची दोन वर्षे. नेमके याच काळात अनेक विमाधारक कंपनीला स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे पाठवीत राहतात आणि कंपनी 'आपले प्रकरण विचाराधीन आहे' असे उत्तर देत राहते. अंतिम नकार एकदा दिला गेला की या पत्रव्यवहाराने मुदत पुढे सरकत नाही. दिवस मोजले जातात ते त्या अंतिम नकारापासूनच.