दरडीचा व्हिडिओ आला? आधी दगड बघा

पावसाळा आला की 'ताम्हिणीत दरड कोसळली' म्हणत कुठला तरी व्हिडिओ ग्रुपवर येऊन पडतोच. घरचे घाबरतात, ट्रेक रद्द. फॉरवर्ड करण्याआधी तुम्ही त्यातला कडा नीट बघता का?

ऑक्टोबर २००१ मध्ये ओसामा बिन लादेनचा व्हिडिओ जगाने पाहिला. अमेरिकेतले भूगर्भशास्त्रज्ञ जॉन श्रोडर मात्र त्याच्या मागचा खडक बघत होते. अफगाणिस्तानात फिरून अभ्यास केलेला माणूस. हा त्या देशाच्या पूर्व भागातला गाळाचा खडक, हे त्यांनी ओळखलं. ते जाहीर झालं आणि नंतरच्या व्हिडिओत लादेनच्या मागे चक्क कापड!

आपलं काम त्याहून सोपं. सह्याद्री म्हणजे काळा बेसॉल्ट, लाव्हाचे एकावर एक आडवे थर, पायऱ्यांसारखे कडे. व्हिडिओतले थर तिरके, वळ्या पडलेले दिसले तर ताम्हिणी विसरा. तो बहुधा हिमालय. पण बेसॉल्ट दिसला म्हणून ताम्हिणीच, असंही नाही. माळशेज, वरंधा, आंबेनळी, सगळीकडे तोच दगड. शिवाय व्हिडिओ आजचा की पाच वर्षांपूर्वीचा, हे दगड सांगत नाही. तिथे रस्त्यावरची पाटी शोधा, नाहीतर सरळ तिथल्या पोलिसांना फोन लावा.